कुंडीतल्या चिलटांचा बंदोबस्त

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला दुसऱ्या मजल्यावर राहतो. जूनच्या अखेरीस घरातल्या खिडकीशी ट्रेमध्ये टोमॅटो, मिरची आणि वांग्याची रोपे केली. मिश्रण निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मे गांडूळखत. सकाळ-संध्याकाळ फवाऱ्याने पाणी देत होते. उगवण छान झाली, पण थोड्याच दिवसांत घरभर बारीक काळी चिलटे झाली. ती चहाच्या कपात पडतात, संगणकाच्या पडद्यावर बसतात, आणि आता मनी प्लँट, स्नेक प्लँट व तुळशीच्या कुंडीतूनही उडताना दिसतात. निम्मी रोपे माना टाकून आडवी झाली. कापूर जाळला, धूप केला, डासांचा फवारा मारला. एखादा दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. नर्सरीवाल्याने एका पुडीत दाणेदार औषध दिले आहे, पण घरात दीड वर्षाची नात असल्याने ते वापरण्याचे धाडस होत नाही. ही चिलटे चावतात का? त्यांच्यामुळे डेंग्यू होतो का? सगळ्या कुंड्या टाकून द्याव्या लागतील का?

उत्तर : आपल्या इतर प्रश्नांआधी त्या पुडीविषयी लिहितो, कारण घरात चालते-फिरते मूल असताना तीच बाब सर्वांत तातडीची आहे. आपण ती वापरली नाही हे उत्तम केले. ज्या पुडीवर औषधाचे नाव, घटक आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण छापलेला नाही, तिच्यात काय आहे हे घरबसल्या कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. मातीतल्या किडींसाठी फोरेट आणि कार्बोफ्युरान ही दाणेदार कीटकनाशके आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरली गेली. त्यांपैकी फोरेट तांबड्या त्रिकोणाचे, म्हणजे अत्यंत विषारी गटातले होते आणि केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर पूर्ण बंदी आहे. ही दोन्ही औषधे मुळांवाटे झाडात भिनतात; ज्या मिरचीची फोडणी पुढे आपण घरात देणार, तिच्या मुळाशी ती टाकणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. पुडी न उघडता झाकणाच्या डब्यात ठेवावी, नातीच्या हाती लागणार नाही अशा जागी कुलपात ठेवावी आणि ज्याने दिली त्यालाच परत करावी. बेसिनमध्ये, संडासात किंवा ओल्या कचऱ्यात ती टाकू नये.

आता चिलटांकडे वळू. आपल्या वर्णनावरून ही सायरिडी या कुळातील, बहुधा ब्रॅडिसिया या वंशातील चिलटे आहेत. ती दोन ते चार मिलीमीटर लांब, काळपट, लांब पायांची आणि उडण्यात अगदी अशक्त असतात. कुंडीला धक्का लागला की मातीवरून भेलकांडत उठतात आणि पुन्हा जवळच बसतात. ती चावत नाहीत, रक्त शोषत नाहीत आणि डेंग्यूशी त्यांचा काहीही संबंध नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंगापायांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांमुळे ओळखू येतो. मात्र त्या डासाला कुंडीखालच्या ताटलीतले साचलेले पाणी किंवा मनी प्लँट ठेवलेली पाण्याची बाटली पुरते, तेव्हा चिलटांच्या निमित्ताने ताटल्या रिकाम्या करण्याची आणि बाटलीतले पाणी आठवड्याला बदलून ती आतून घासण्याची सवय लागली तर तो वेगळा लाभ आहे.

घरात तीन-चार प्रकारची चिलटे एकाच वेळी असू शकतात आणि उपाय चुकतात ते पुष्कळदा याच कारणाने. केळ्यांवर किंवा ओल्या कचऱ्याच्या डब्यावर घोंघावणारी, तांबूस डोळ्यांची, जराशी गोलसर चिलटे फळांवरची असतात. न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी, लहानशा पतंगासारखे लवदार पंख असलेली सांडपाण्याच्या जाळीतून येतात. या दोहोंचा कुंडीशी संबंध नसतो. खात्री करून घेण्यासाठी कच्च्या बटाट्याचा साधारण एक सेंटीमीटर जाडीचा काप सोलून मातीच्या पृष्ठभागावर किंचित दाबून ठेवावा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पाहावा. अळ्या असतील तर कापाच्या ओल्या बाजूला चिकटलेल्या दिसतात: पाच-सहा मिलीमीटरपर्यंत लांब, इतक्या पारदर्शक की पोटातले अन्न गडद रेघेसारखे बाहेरून दिसावे, आणि पुढच्या टोकाला काळेभोर चकचकीत डोके. त्या काळ्या डोक्यावरून ओळख पक्की होते. असा काप प्रत्येक कुंडीत आणि ट्रेच्या दोन कोपऱ्यांत ठेवावा, म्हणजे उपचार नेमका कोठे करायचा ते समजेल. घरातल्या सगळ्याच कुंड्या बाधित असतात असे नाही.

कापूर, धूप आणि डासांचा फवारा निष्फळ का ठरला याचे उत्तर या किडीच्या जीवनक्रमात आहे. प्रौढ चिलट जेमतेम आठवडाभर जगते. तेवढ्यात मादी ओल्या मातीच्या वरच्या थरात शंभर ते दोनशे अंडी घालू शकते. चोवीस अंश सेल्सिअसच्या सुमारास ती तीन-चार दिवसांत उबतात, अळी दहा दिवस ते दोन आठवडे मातीत खात राहते, मग चारेक दिवस कोषात जातात आणि नवे चिलट बाहेर येते. म्हणजे एक पिढी अडीच-तीन आठवड्यांची. घरात या सगळ्या अवस्था एकाच वेळी नांदत असतात, त्यामुळे आपण हवेतली सर्व चिलटे मारली तरी मातीतल्या कोषांतून दुसऱ्या दिवशी नवी हजर होतात. शिवाय घरातल्या फवाऱ्याने कोवळ्या रोपांची पाने करपण्याचा आणि नातीच्या श्वासात ते औषध जाण्याचा धोका आहे. तो फवारा या कामासाठी तरी पूर्ण बंद करावा.

अळीचे मुख्य अन्न म्हणजे मातीतली बुरशी, शेवाळ आणि कुजणारे सेंद्रिय पदार्थ. जुन्या, जाड मुळांच्या झाडाला तिच्यापासून फारसा उपद्रव होत नाही, आणि आपल्या स्नेक प्लँटला तर काहीच झालेले नसेल. रोपांची गोष्ट निराळी आहे. ट्रेच्या एका कप्प्यात चमचाभर मिश्रण आणि केसासारखी मुळे असताना तेथे पाच-सात अळ्या झाल्या की त्या मूळरोम कुरतडतात, कधी खोडाच्या बुडाशी शिरतात, आणि माती ओली असूनही रोप पाणी नसल्यासारखे सुकते. दुसरीकडे, याच ओलाव्यात पिथियमसारख्या बुरशीमुळे रोपे कोलमडण्याचा रोग येतो, आणि त्या बुरशीचा प्रसार करण्यास ही चिलटे व अळ्या हातभार लावतात. आपली रोपे कशाने गेली हे पाहायचे असल्यास एक आडवे झालेले रोप हलकेच उपटून वाटीभर पाण्यात धुवावे. मातीलगत खोड पाणचट, तपकिरी आणि दोऱ्यासारखे बारीक झालेले असेल तर बुरशी. खोड धड आहे पण बाजूची मुळे कुरतडलेली, केवळ मधले मूळ उरलेले, तर अळी. बहुतेक वेळा ट्रेमध्ये दोन्ही सापडतात.

आपल्या पत्रातले दोन तपशील मला या साऱ्याच्या मुळाशी वाटतात: निम्मे गांडूळखत आणि दोन वेळचा फवारा. पावसाळ्यात डोंबिवलीसारख्या ठिकाणी हवाच इतकी दमट असते की मातीचा वरचा थर एरवीही सुकत नाही. त्यावर रोज दोनदा पाणी शिंपडले आणि खाली अर्धे मिश्रण सेंद्रिय खताचे असले, तर अळीला याहून सोयीची जागा मिळणार नाही. गांडूळखत चांगलेच असते, परंतु अर्धवट तयार झालेल्या, ओलसर, उघड्या गोणीत राहिलेल्या खतातून अंडी आणि अळ्या थेट घरात येतात. बियाण्याला बीदलांनंतरची पहिली खरी पाने येईपर्यंत लागणारे अन्न त्याच्या पोटातच असते. म्हणून रोपांच्या मिश्रणात चाळलेले खत दहामध्ये एक भाग पुरते, आणि उरलेले पुढे कुंडीत लावताना घालावे.

पाण्याची शिस्त हा खरा उपाय आहे आणि तो फुकट आहे, म्हणूनच बहुधा तो कोणी मनावर घेत नाही. मोठ्या कुंड्यांमध्ये वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर बोटाला कोरडा लागेपर्यंत पाणी देऊ नये. अंडी आणि कोवळ्या अळ्या याच थरात असतात आणि कोरडेपणात तगत नाहीत. स्नेक प्लँटला पावसाळ्यात दोन-तीन आठवडे पाणी मिळाले नाही तरी त्याचे काही बिघडत नाही. मनी प्लँटही मातीचा वरचा अर्धा भाग सुकेपर्यंत खुशाल थांबतो. कोकोपीटच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नये, कारण ते वरून फिकट, कोरडे दिसते तेव्हाही आत ओल धरून असते. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेणे अधिक भरवशाचे.

तुळशीचा प्रश्न जरा नाजूक आहे. रोज सकाळी लोटाभर पाणी, त्यातच हळदकुंकू, अक्षता आणि कालची फुले, असे पावसाळाभर चालले की तुळशीचे वृंदावन चिलटांचे माहेर होते. पूजा मोडण्याची गरज नाही. पाणी पळीभर घालावे, फुले आणि अक्षता ताटलीत वाहून नंतर उचलाव्यात. तोच न्याय तांदळाचे धुवण, ताक, गुळाचे पाणी, चहाचा चोथा आणि भाज्यांच्या साली यांना लावावा. गच्चीवरच्या उन्हात, मोठ्या वाफ्यात हे सगळे जिरते; घरातल्या सहा इंची कुंडीत ते आंबते, त्यावर बुरशी धरते आणि ती बुरशी अळ्यांचे जेवण ठरते. निंबोळी पेंडसुद्धा याला अपवाद नाही. मातीत मिसळलेली पेंड ठीक, पण पावसाळ्यात मातीवर नुसती भुरभुरली की दोन दिवसांत तिच्यावर पांढरी बुरशी चढते.

रोपांना मात्र कोरडे ठेवण्याची चैन परवडत नाही, म्हणून त्यांना खालून पाणी द्यावे. छिद्रे असलेला ट्रे बोटाच्या एका पेराइतक्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, वरचा भाग नुकता गडद होऊ लागला की उचलून निथळू द्यावा आणि परातीतले पाणी ओतून टाकावे. दिवसातून काही तास पंखा मंद गतीवर, रोपांवरून वारा जाईल असा ठेवावा. पृष्ठभाग लवकर सुकतो, बुरशीला पायबंद बसतो, आणि हे दुबळे कीटक वाऱ्यात नीट उतरू शकत नाहीत. ट्रेवर जाळी घालायची असल्यास मच्छरदाणीचे कापड उपयोगाचे नाही, तिच्या भोकांतून ही चिलटे सहज जातात. जुनी मलमलची ओढणी चालते, फक्त उगवण झाल्यावर उजेड आणि वारा अडणार नाही याकडे लक्ष ठेवावे.

प्रौढ चिलटांसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. कृषी सेवा केंद्रात ते मिळतात, अन्यथा पिवळ्या प्लास्टिकच्या तुकड्याला एरंडेल किंवा ग्रीस चोपडले तरी काम होते. शेतात ते उंच काठीवर लावतात. येथे मातीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, शक्यतो आडवे ठेवावेत, कारण चिलटे मातीलगतच वावरतात. सापळ्याने कीड संपत नाही, त्याचा खरा उपयोग मोजदादीसाठी आहे. दर रविवारी नवे कार्ड लावून जुन्यावरची संख्या पाहिली की उपाय लागू पडतो आहे की नाही ते कळते.

अळीवरच्या औषधांत माझी पहिली पसंती बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, म्हणजेच बीटीआय या जिवाणूला आहे. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या डासांच्या डबक्यात तो सापडला आणि आज जगभर डासांच्या अळ्यांवर वापरला जातो. डास आणि चिलटे दोन्ही माश्यांच्याच गणातली असल्याने तो येथेही चालतो: अळीने तो खाल्ला की त्यातले प्रथिन तिच्या आतड्याचे अस्तर फोडते आणि तिचे खाणे थांबते. माणसे, पाळीव प्राणी आणि गांडुळे यांना त्याचा उपद्रव होत नाही. खरेदी करताना एक दक्षता घ्यावी. दुकानात नुसते ‘बीटी’ मागितले तर बहुतेक वेळा कुर्स्टाकी हा प्रकार हाती ठेवतात. तो पाने खाणाऱ्या आणि बोंडे-घाटे पोखरणाऱ्या अळ्यांसाठी आहे, चिलटांवर त्याचा काही परिणाम होत नाही. वेष्टनावर ‘इस्रायलेन्सिस’ हा शब्द वाचूनच पैसे द्यावेत. वेष्टनावरील प्रमाणात पाण्यात मिसळून ते मातीत ओतावे, फवारू नये, आणि आठवड्याच्या अंतराने निदान चार वेळा द्यावे, कारण ते मातीत फार दिवस टिकत नाही आणि अंडी व कोष यांवर चालत नाही.

बीटीआय मिळाले नाही तर अझाडिरॅक्टिन हा कीडनाशक घटक असलेले कडुनिंबाचे औषध घ्यावे. १५०० पीपीएमचे (दहा लाख भागांत या घटकाचे १५०० भाग) असल्यास लिटरला पाच मिलीलिटर ही नेहमीची मात्रा आहे. १०,००० पीपीएमचे सहापटीहून अधिक तीव्र असते, तेव्हा आकडा वाचल्याशिवाय चमचा बुडवू नये. याने अळी लगेच मरत नाही. तिचे कात टाकणे बिघडते आणि ती पुढच्या अवस्थेत जात नाही. त्यामुळे दोन दिवसांनी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणाऱ्यांना त्याचा गुण कधीच येत नाही. कोवळ्या रोपांवर आधी दोन-तीन कप्प्यांत देऊन एक दिवस वाट पाहावी आणि मगच सर्व ट्रेला द्यावे. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशीही आपणास कोणीतरी सुचवील. रोपे कोलमडण्याच्या रोगासाठी ते उपयुक्त आहे, लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात मातीत द्यावे, परंतु अळ्यांचा बंदोबस्त त्याने होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

समाजमाध्यमांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपाय जोरात फिरतो आहे. त्यात एका भागाला चार भाग पाणी असे प्रमाण सांगितलेले असते, ते परदेशात मिळणाऱ्या तीन टक्क्यांच्या द्रावणासाठी. आपल्या औषधांच्या दुकानातली बाटली बहुधा ‘२० व्हॉल्यूम’, म्हणजे सहा टक्क्यांची असते. तिला एकास नऊ भाग पाणी लागेल. द्रावण ज्या अळीला प्रत्यक्ष लागते ती मरते, पण काही तासांतच त्याचे पाणी आणि प्राणवायू होऊन जातो, आणि तेवढ्यात मातीतल्या उपकारक जिवाणूंचेही नुकसान होते. मनी प्लँटच्या एखाद्या फार बाधित कुंडीत एकदा वापरण्यास माझी हरकत नाही. रोपांना आणि ट्रायकोडर्मा घातलेल्या मातीला देऊ नये. दालचिनी आणि हळद भुरभुरण्याने फारसे काही साधत नाही. व्हिनेगरची वाटी फळांवरच्या चिलटांना खेचते, यांना क्वचितच. मातीवर जाड वाळूचा सेंटीमीटरभर थर देणे मोठ्या कुंड्यांत काही अंशी उपयोगी पडते, पण वाळू रोज ओली झाली तर तिचा लाभ शून्य, आणि चिलटे तळाच्या छिद्रांतूनही येजा करतात, तेव्हा तेथे बारीक जाळीचा तुकडा लावावा लागतो.

कुंड्या टाकून देण्याची मुळीच गरज नाही. सध्याच्या ट्रेमधली जी रोपे ताठ उभी आहेत, ती चार खऱ्या पानांची झाली असतील तर मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासह उचलून मोठ्या कुंड्यांत लावावीत, ट्रे शक्य असल्यास खिडकीच्या ग्रिलमध्ये बाहेर न्यावा, आणि पडलेली रोपे त्यांच्या कप्प्यातील मिश्रणासह काढून बंद पिशवीत घालून टाकावीत. हे मिश्रण पुन्हा वापरू नये. पहिल्या आठवड्यात सापळ्यावरची चिलटे कमी होण्याऐवजी वाढलेली दिसण्याची शक्यता आहे, कारण आधीचे कोष फुटत असतात. त्याने धीर सोडू नये. उतार साधारण तिसऱ्या आठवड्यात जाणवतो आणि खंड न पाडता महिनाभर उपचार केल्याखेरीज साखळी तुटत नाही. यापुढे नर्सरीतून आणलेली कुंडी दोन-तीन आठवडे दुसऱ्या खोलीत, स्वतःच्या पिवळ्या कार्डासह ठेवावी.

पुन्हा बी टाकण्याची घाई आता करू नये. टोमॅटो आणि वांग्याची रब्बीची रोपे सप्टेंबरात टाकली तरी चालतात, आणि तोवर हवाही थोडी सुकलेली असते. त्या वेळी कोकोपीटची वीट उकळत्या पाण्यात भिजवून झाकण ठेवून गार होऊ द्यावी, मुठीत दाबल्यावर थेंब पडणार नाही इतकी पिळून घ्यावी, त्यात पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे) किंवा जाड वाळू आणि अगदी थोडे चाळलेले जुने खत मिसळावे, व ट्रे साबणाने धुऊन कडक वाळवून मगच भरावा. उरलेले गांडूळखत घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्यतो घराबाहेर ठेवावे.